कायदा देशाचा, परवाना वेशीपर्यंतचा

शस्त्र परवाना असलेल्या माणसाचा एक साधा प्रश्न असतो. शेतीच्या कामासाठी, व्यापाराची रक्कम घेऊन किंवा नव्या नोकरीवर रुजू होण्यासाठी शेजारच्या राज्यात जायचे आहे. परवान्याचे पिस्तूल बरोबर नेले तर चालेल का? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता यावे, अशी आपली घटनात्मक रचना आहे. शस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय सातव्या अनुसूचीतील केंद्रीय सूचीत पाचव्या क्रमांकावर आहे. १९५९ चा शस्त्र अधिनियम साऱ्या देशाला एकच आहे आणि त्याखालचे २०१६ चे नियमही एकच आहेत. असे असूनही हा प्रश्न चार जिल्ह्यांच्या कार्यालयांत विचारला, तर चार उत्तरे मिळतात आणि त्यांतली निदान दोन तोंडी असतात. तोंडी उत्तरावर विसंबून प्रवासाला निघालेल्या माणसाला राज्याच्या सीमेवरील नाक्यावर तेच उत्तर दाखवता येत नाही.

हा प्रश्न मूठभर शौकिनांचा आहे, असे समजून धोरणकर्ते त्याकडे दुर्लक्ष करतात. गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३.७ लाख शस्त्र परवाने होते. त्यांतले सुमारे १२.८ लाख एकट्या उत्तर प्रदेशात. यांत जहागिरीच्या आठवणी सांगणारे आहेत, माजी सैनिक आहेत, नेमबाज आहेत, रानडुकरांपासून पिके राखणारे शेतकरी आहेत. आणि बंदूक हेच ज्यांच्या रोजगाराचे साधन आहे, असे हजारो सुरक्षारक्षकही आहेत. या शेवटच्या वर्गाकडे मी पुढे येईन, कारण या गोंधळाची खरी किंमत तो मोजतो.

परवान्याच्या पुस्तिकेत शस्त्राचे वर्णन, त्याचा क्रमांक, काडतुसांची मर्यादा आणि मुदत यांच्याबरोबर आणखी एक रकाना असतो. परवाना कोणत्या क्षेत्रात वैध आहे, हे त्यात लिहिलेले असते. कुणाच्या पुस्तिकेत फक्त जिल्ह्याचे नाव, कुणाच्या राज्याचे, कुणाच्या राज्याबरोबर लगतच्या दोन-तीन राज्यांचे, तर कुणाच्या पुस्तिकेत ‘संपूर्ण भारत’. मार्च २०१० मध्ये गृह मंत्रालयाने या रकान्याला शिस्त लावण्याचा प्रयत्न केला. राज्य सरकारांनी जास्तीत जास्त लगतच्या तीन राज्यांपर्यंत क्षेत्र वाढवून द्यावे. अखिल भारतीय वैधता मात्र केंद्रीय मंत्री, खासदार, सैन्यदले व निमलष्करी दलांतील लोक, अखिल भारतीय सेवांतील अधिकारी, देशात कुठेही बदली होऊ शकणारे कर्मचारी आणि नेमबाज खेळाडू अशा ठरावीक वर्गांसाठी राखावी, असा त्या धोरणाचा आशय होता. इतरांना प्रवासाचे कारण सांगून क्षेत्रवाढ मागावी लागते. जिल्हादंडाधिकारी म्हणून अशा अर्जांचे गठ्ठे मी वाचले आहेत. कारणाच्या रकान्यात बहुधा चारच शब्द असत: ‘व्यापारानिमित्त प्रवास, जीवितास धोका.’ धोका कुठल्या गावी, कुणापासून आणि किती दिवस, हे विचारले की अर्ज करणारा गोंधळून जाई. हे प्रश्न त्याला पूर्वी कुणी विचारलेच नव्हते.

बरे, परवान्यावर एखाद्या राज्याचे नाव असले म्हणजे त्या राज्यात सर्वत्र आणि सर्वकाळ शस्त्र नेता येते, असेही नाही. क्षेत्राच्या रकान्यावर आणखी तीन-चार थर चढलेले असतात आणि ते पुस्तिकेत दिसत नाहीत. पहिला थर मनाई हुकमांचा. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १६३ झाले आहे. त्याखाली कोणताही जिल्हा काही आठवड्यांपुरता शस्त्रबंदी लागू करू शकतो. महाराष्ट्रात याच कामासाठी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम ३७ वापरले जाते. सणासुदीच्या दिवसांत जिल्ह्याजिल्ह्यांतून असे आदेश निघतात आणि त्यांत बंदुकांबरोबर तलवारी, भाले, सोटे आणि दगडसुद्धा येतात. हे आदेश स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येतात, पोलीस ठाण्याच्या फलकावर लागतात. नांदेडहून अदिलाबादला निघालेल्या माणसाने अदिलाबादचा फलक वाचावा कुठे?

दुसरा थर निवडणुकांचा. निवडणूक जाहीर झाली की परवान्यांची छाननी होते, शस्त्रे ठाण्यात जमा करून घेतली जातात आणि निकाल लागेपर्यंत शस्त्र बाळगून फिरण्यावर बंदी येते. सरसकट सगळ्यांची शस्त्रे जमा करण्याच्या पद्धतीला गोव्यातून आव्हान दिले गेले. त्यावर २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने छाननी समित्यांमार्फत प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करण्याची दिशा दिली आणि पुढे निवडणूक आयोगाच्या सूचनांतही तिचा आधार घेतला गेला. पण आपल्या देशात कुठे ना कुठे कायम निवडणूक चालू असते. घरच्या जिल्ह्यात आचारसंहिता नसलेला प्रवासी तीन तासांनी आचारसंहितेच्या प्रदेशात शिरतो. तिसरा थर अशांत क्षेत्रांचा. १९८३ च्या दुरुस्तीने घातलेल्या कलम २४अ व २४ब खाली अशा क्षेत्रांत अधिसूचित शस्त्रे बाळगणे व सार्वजनिक ठिकाणी नेणे यांवर वेगळी बंदी घालता येते.

चौथा थर जंगलाचा, आणि तो बहुतेकांना ठाऊकच नसतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात प्रवेश करता येत नाही. राष्ट्रीय उद्यानांनाही हेच लागू आहे. अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याने प्रवास करण्याची मुभा त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. शस्त्राविषयीच्या कलमात मात्र रस्त्याचा अपवाद नाही. बांदीपूरमधून वायनाडला जाणारा राष्ट्रीय महामार्ग राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातून जातो. डिकीत कुलूपबंद बंदूक असलेला मोटारचालक तिथे रस्त्यावर आहे की अभयारण्यात? दोन्ही ठिकाणी आहे, आणि एका कायद्याने निर्दोष असताना दुसऱ्याने आरोपी ठरू शकतो.

या गुंतागुंतीतही स्पष्ट नियम करता येतो, याचा पुरावा त्याच भागात, कोडगू जिल्ह्यात आहे. १८५७ नंतर ब्रिटिशांनी हिंदुस्थानभर निःशस्त्रीकरणाचे कायदे आणले, तेव्हा १८६१ मध्ये कोडवांना त्यातून सूट मिळाली. ती सूट स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. ‘कूर्ग वंशाच्या’ व्यक्ती आणि ‘जम्मा’ या जमीनधारा पद्धतीचे धारक यांना परवान्यातून दिलेली ही मोकळीक २०१९ मध्ये केंद्राने ३१ ऑक्टोबर २०२९ पर्यंत वाढवली. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. एका समाजाला अशी सूट असावी की नाही, यावर मतभेद असू शकतात. माझ्या मते जन्मावर आधारलेल्या सवलतीचे समर्थन दिवसेंदिवस कठीण होत जाईल. पण मला इथे त्या अधिसूचनेची शब्दरचना महत्त्वाची वाटते. सूट मिळालेली व्यक्ती कोडगू जिल्ह्याबाहेर राहत असेल वा प्रवास करत असेल, तर तिच्याजवळ एक रायफल व तिची १०० काडतुसे आणि एक बंदूक व तिची ५०० काडतुसे याहून अधिक नसावे, असे तीत आकड्यांत लिहिले आहे. वसाहतकाळातल्या कारकुनाने जिल्ह्याच्या वेशीबाहेर पाऊल टाकणाऱ्या माणसाचा विचार केला होता. म्हैसूरच्या पोलिसालाही मोजता येईल आणि मडिकेरीच्या शेतकऱ्यालाही समजेल, असा तो नियम आहे.

दुसरे उदाहरण कृपाणाचे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणातच कृपाण धारण करणे व बाळगणे हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग मानला आहे. देशांतर्गत विमानप्रवासात पाते सहा इंचांपर्यंत आणि एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत असेल, तर शीख प्रवाशाला कृपाण जवळ ठेवता येते. अमृतसरच्या विमानतळावर आणि कोचीच्या विमानतळावर मोजपट्टी एकच. प्रश्न तिथेही उभे राहतात, पण ते नियम माहीत नसल्यामुळे सहसा नव्हेत.

मग परवानाधारकाच्या बाबतीत हीच स्पष्टता का आली नाही? इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर १८७८ मध्ये सापडते. लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत त्या एकाच वर्षी देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा आला आणि शस्त्र कायदाही आला. पहिला चार वर्षांत रद्द झाला, दुसरा ऐंशीहून अधिक वर्षे टिकला. त्याचे सूत्र सरळ होते: प्रजेने शस्त्र बाळगू नये, बाळगायचेच असेल तर जिल्ह्याच्या साहेबाच्या मर्जीने आणि त्याच्या नजरेच्या टप्प्यात बाळगावे. जिल्हा हे राज्यकारभाराचे एकक होते, जिल्हादंडाधिकारी हा सरकारचा डोळा होता आणि परवान्याची हद्द म्हणजे त्या डोळ्याची हद्द. युरोपियनांना मात्र परवान्याची गरज नव्हती. १८८७ च्या मद्रास अधिवेशनापासून काँग्रेसने या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. १९३० मध्ये गांधीजींनी आयर्विनपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांत, लोकनियंत्रणाखाली स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाने द्यावेत, ही एक मागणी होती. अहिंसेच्या पुरस्कर्त्याच्या यादीत ती वाचून अनेकांना आश्चर्य वाटते. त्यांना खटकत होता तो कायद्यातला अविश्वास. पुढच्या वर्षीच्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घातला गेला.

संविधान सभेत मात्र हवा बदललेली होती. फाळणीचा रक्तपात ताजा होता. डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुरुस्ती मांडली. ती स्वीकारली गेली नाही. अनुच्छेद १९ मध्ये शांततेने आणि ‘विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य आले, देशभर मुक्तपणे संचार करण्याचे स्वातंत्र्य आले. शस्त्राचे स्वातंत्र्य आले नाही. हा निर्णय योग्यच होता, अशी माझी ठाम धारणा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा अमेरिकेत हा मूलभूत हक्क आहे आणि आपल्याकडे तो नाही, याकडे त्याने मुद्दाम लक्ष वेधले होते. अडचण वेगळीच आहे. १९५९ च्या कायद्याने हेतू बदलला, यंत्र बदलले नाही. परवाना म्हणजे साहेबाची मर्जी, ही कल्पना कायद्याच्या भाषेतून गेली. कार्यालयाच्या सवयीत ती राहिली. १८७८ मध्ये कायद्याहून अपवादांची यादी अधिक बोलकी होती. आजची ‘संपूर्ण भारत’ यादी मी त्या यादीशेजारी ठेवून पाहतो, तेव्हा माणसे बदललेली दिसतात, यादीची घडण फारशी बदललेली दिसत नाही. माझी स्वतःची सेवा त्या यादीत आहे, म्हणून हे सांगण्याचे बंधन माझ्यावर अधिक आहे.

अमेरिकेचा उल्लेख आलाच आहे, तर तिथला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. तिथे अंगावर लपवून पिस्तूल बाळगण्याचे कायदे प्रत्येक राज्याचे निराळे आहेत. निम्म्याहून अधिक राज्यांत त्यासाठी परवानाच लागत नाही; उरलेल्यांत लागतो आणि एका राज्याचा परवाना दुसरे राज्य मानेलच असे नाही. २०१३ मध्ये पेनसिल्व्हेनियाचा परवाना असलेली एक स्त्री सीमा ओलांडून न्यू जर्सीत गेली. वाहतुकीच्या कारणावरून तिची मोटार थांबवली गेली, तेव्हा आपल्याजवळ परवान्याचे पिस्तूल असल्याचे तिने स्वतःच पोलिसाला सांगितले. सक्तीच्या तुरुंगवासाचे कलम तिच्यावर लागले आणि शेवटी २०१५ मध्ये राज्यपालांनी क्षमा केली, तेव्हा तिची पूर्ण सुटका झाली. त्यामुळे तिथला सुज्ञ शस्त्रधारक प्रवासाला निघण्यापूर्वी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा कायदा तपासतो. तो तपासू शकतो, कारण तो छापलेला आणि सहज उपलब्ध असतो. शिवाय १९८६ च्या संघीय कायद्याने एक किमान हमी दिली आहे: निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या ठिकाणी शस्त्र बाळगणे कायदेशीर असेल आणि वाटेत ते न भरलेले व हाताशी येणार नाही असे ठेवलेले असेल, तर मधली राज्ये ओलांडता येतात. बंदुकांच्या बाबतीत अमेरिकेचे अनुकरण करावे असे मी कधीच म्हणणार नाही. तिथल्या शाळांतली हत्याकांडे साऱ्या जगाने पाहिली आहेत. पण इतक्या विस्कळीत व्यवस्थेलाही वाटसरूसाठी एक नियम लिहावासा वाटला. आपल्याकडे कायदा एकच असून वाटसरूला टेबलामागून टेबल फिरावे लागते.

आणखी एक विरोधाभास आहे. शस्त्र झाकून बाळगणे ही अमेरिकेतल्या अनेक राज्यांत वेगळ्या परवानगीची बाब राहिली. आपल्या २०१६ च्या नियमांत सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि बाळगणाऱ्याच्या ताब्यात असले पाहिजे, असे बंधन आहे. हे शहाणपणाचे आहे. लग्नाच्या वरातीत बंदूक मिरवणाऱ्यांना आणि समाजमाध्यमांवर खांद्यावरच्या रायफलीचे छायाचित्र टाकणाऱ्यांना हा नियम कुणीतरी वाचून दाखवायला हवा. आनंदाच्या भरात केलेला बेफिकीर गोळीबार २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कारावासाचा गुन्हा ठरवला आहे. पण झाकलेल्या शस्त्राचा माणूस नाक्यावर पकडला गेला की ‘लपवून नेत होता’ हे वाक्य फिर्यादीत येतेच. नियम पाळल्याची खूण गुन्ह्याची खूण ठरते.

फिर्याद कोणत्या कलमाखाली, यावर सारे अवलंबून असते. परवान्याच्या अटीचा भंग झाला, असे मानले तर कलम ३० लागते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. क्षेत्राबाहेर परवाना निष्प्रभ होतो, म्हणजे शस्त्र विनापरवाना ठरते, असे मानले तर कलम २५. त्यात २०१९ पासून किमान दोन आणि कमाल पाच वर्षांचा कारावास व दंड. कृती एक, माणूस एक, शस्त्र एक. एका वाचनाने तो निष्काळजी ठरतो, दुसऱ्याने गुन्हेगार. हा निवाडा पहिल्या रात्री ठाण्यातला अंमलदार करतो आणि पुढची काही वर्षे तो निवाडाच माणसाबरोबर चालतो. विमानतळांवर घडते तेही याच जातीचे. सामानाच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूस क्ष-किरण यंत्रात दिसते आणि गुन्हा नोंदवला जातो. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात आणि पुन्हा १९९४ मध्ये घटनापीठाच्या निकालात स्पष्ट केले आहे. त्याच्या आधारे उच्च न्यायालये असे गुन्हे रद्दही करतात. पण उच्च न्यायालयापर्यंत पोहोचण्याची ऐपत प्रत्येकाची नसते.

इथे तो सुरक्षारक्षक येतो. जम्मू, पूर्व उत्तर प्रदेश किंवा बिहारमधला माजी सैनिक अथवा बेकार तरुण महानगरांतल्या सराफी दुकानांत, बँकेच्या रोकड गाड्यांवर आणि बड्या इमारतींच्या फाटकांवर नोकरीला लागतो. अनेक ठिकाणी त्याच्या अंगच्या गुणांपेक्षा त्याच्याजवळच्या परवान्याच्या बारा बोअर बंदुकीला अधिक भाव असतो. ती असली तर पगार वाढतो. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. पण व्यक्तीच्या स्वसंरक्षणासाठी दिलेला परवाना मालकाच्या तिजोरीच्या राखणीसाठी वापरणे कितपत योग्य, हा प्रश्न संस्था विचारत नाहीत आणि ग्राहकही विचारत नाही. परवान्यावर कोणते क्षेत्र आहे, ते पुढे वाढवले आहे का, नव्या पत्त्याची खबर दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना दिली आहे का, याची तपासणी चोरी झाल्यावर किंवा गोळी सुटल्यावर होते. तेव्हा कोठडीत रक्षक जातो. त्याला कामावर ठेवणारी संस्था ‘कागदपत्रे त्यानेच दिली होती’ असे सांगून मोकळी होते.

अशा गरजू माणसांच्या मागणीवरच एक बाजार उभा राहिला. २०१७ मध्ये राजस्थानच्या दहशतवादविरोधी पथकाला जम्मू-काश्मीरमधून दिलेल्या परवान्यांचा माग लागला आणि तपास पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. २०१२ ते २०१६ या काळात त्या राज्यातल्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून २.७८ लाखांहून अधिक परवाने दिले गेल्याचे आणि त्यांतले अनेक तिथले रहिवासी नसलेल्यांना मिळाल्याचे आरोप त्या विभागाने केले. जुलै २०२१ मध्ये सुमारे ४० ठिकाणी झडत्या झाल्या; त्यांत सनदी अधिकाऱ्यांची निवासस्थानेही होती. खटल्यांचा निकाल न्यायालये देतील. पण २०१६ च्या अखेरच्या आकडेवारीत सुमारे सव्वा कोटी लोकसंख्येच्या या राज्यात ३.७ लाख परवाने, म्हणजे उत्तर प्रदेशाखालोखाल देशात दुसरा क्रमांक, हे दिसत असताना कुणालाच प्रश्न का पडला नाही? माझ्या सेवेतल्या सहकाऱ्यांना हा प्रश्न आवडत नाही. तो विचारावा लागेल, कारण क्षेत्रवाढ किंवा रहिवासाचा दाखला ही आपल्याच सहीची गोष्ट आहे. प्रामाणिक अर्जदाराला सरळ वाटेने उत्तर मिळत नाही, तिथे दलाल बसतो. त्याच दलालाकडून मग अप्रामाणिक माणूसही परवाना घेतो.

शस्त्र परवान्यांची राष्ट्रीय नोंद गेल्या दशकात उभी राहिली. प्रत्येक परवान्याला विशिष्ट ओळख क्रमांक मिळाला; तो घेण्याची मुदत एकाहून अधिक वेळा वाढवावी लागली, यावरून जुन्या वह्यांची अवस्था लक्षात येते. हे काम चांगले झाले. पण ही नोंद परवान्यांची आहे. कोणत्या जिल्ह्यात आज कोणती मनाई आहे, याची ती नोंद नव्हे. ही दुसरी नोंद तयार करणे अवघड नाही. मनाई हुकूम ज्या दिवशी निघतो, त्याच दिवशी तो त्याच संगणकीय व्यवस्थेत जिल्हावार आणि तारीखवार चढवावा. राज्यभाषा, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत तो सगळ्यांना वाचता यावा. जो हुकूम तिथे चढलेला नाही, तो बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या परवानाधारकाविरुद्ध गुन्ह्याचा आधार होऊ नये. ही शेवटची अट कठोर वाटेल. तिच्याशिवाय एकही जिल्हा हुकूम वेळेवर चढवणार नाही, हे ज्याने जिल्हा चालवला आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

वाटसरूसाठी नियमही लिहावा लागेल. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या दोन्ही ठिकाणी परवाना वैध असेल, शस्त्र रिकामे व कुलूपबंद असेल, काडतुसे निराळ्या पेटीत असतील आणि प्रवासाची सूचना त्या संगणकीय नोंदीत आधी दिलेली असेल, तर मधल्या जिल्ह्यांतून आणि अभयारण्यांतल्या महामार्गांवरून न थांबता जाण्यास हरकत नसावी. अभयारण्यांच्या बाबतीत पर्यावरण मंत्रालयाला सोबत घ्यावे लागेल. त्याचबरोबर क्षेत्राच्या अटीचा निव्वळ भंग कलम ३० खाली आणि दुसऱ्या गुन्ह्याच्या हेतूने केलेला भंग कलम २५ खाली, अशी स्पष्ट विभागणी व्हावी.

यावर आक्षेप येईल की बंदूक नेणे सोपे केले तर बंदुका वाढतील. या आक्षेपाला वजन आहे. मी परवाने कमी करण्याच्या बाजूचा आहे. २०१९ मध्ये एका व्यक्तीमागे शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली, मूळ विधेयकात ती एकच होती आणि ती एकच राहिली असती तर मला आनंद झाला असता. अखिल भारतीय वैधतेची यादीही लहान व्हावी. निवृत्त अधिकाऱ्याला देशभर पिस्तूल नेण्याची गरज काय, हे मला सेवेत असतानाही कळले नव्हते. मात्र परवाना द्यायचा की नाही आणि दिलेल्या परवान्याची हद्द कळू द्यायची की नाही, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्यात सरकारने कठोर असावे. दुसऱ्यातल्या संदिग्धतेने देशातली एकही बंदूक कमी झालेली नाही. विनापरवाना गावठी कट्टा नेणारा कुठलाही फलक वाचत नाही आणि कुठल्याही कार्यालयात विचारायला जात नाही. संदिग्धता अडवते ती विचारायला येणाऱ्यालाच.

तोवर ज्याला प्रवास करावाच लागणार आहे, त्याने क्षेत्राचा रकाना पुन्हा वाचावा. ते अपुरे असेल, तर आपल्या परवाना प्राधिकाऱ्याकडून तारखांसह लेखी परवानगी घ्यावी. पोहोचण्याच्या जिल्ह्यात मनाई हुकूम किंवा आचारसंहिता आहे का, याची लेखी विचारणा करून उत्तराची प्रत जवळ ठेवावी. विमानाने जाताना शस्त्र रिकामे करून कंपनीला आधी कळवून नोंदणीकृत सामानात द्यावे. हातातल्या पिशवीचा प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा. आणि शक्य असेल तर शस्त्र घरच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून रिकाम्या हाताने जावे. मला कुणी सल्ला विचारला, तर बहुतेकांना मी हेच सांगतो. हा सल्ला रोकड गाडीवरच्या त्या रक्षकाच्या कामाचा नाही. त्याच्यासाठी नियमच बदलावे लागतील, आणि त्यांतल्या शस्त्र नियमांच्या बदलासाठी संसदेत नवे विधेयक आणण्याचीही गरज नाही. कलम ४४ खाली नियम करण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे १९५९ पासून आहे.